शिडीच्या पायाखाली : पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, पालघर
(जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष या नात्याने)



पत्राची सुरुवात चिकूपासून करतोय, राग मानू नका. बोर्डीच्या बाजूला आमची छोटी वाडी आहे. चिकू उतरवायला येणारा गडी झाडाला शिडी टेकवण्याआधी एक गोष्ट हटकून करतो. शिडीचे पाय जिथे येणार, तिथली जमीन टाचेने दोन-तीनदा दाबून बघतो. पावसाळा संपल्यावर वाडीतली माती वरून सुकलेली आणि आतून लोण्यासारखी असते. टाच रुतली, की गडी मुकाट्याने शिडी उचलतो आणि झाडाच्या दुसऱ्या अंगाला जातो. तिकडे फळ कमी असलं तरी. शेंड्यापर्यंत पोहोचायचं कसं, हा विचार तो त्यानंतर करतो.

मला लिहायचंय ते आगीच्या शिडीबद्दल. बंबाच्या गाडीवर बसवलेली, यंत्राने उभी राहणारी, मुंबईत ‘टर्न टेबल लॅडर’ किंवा नुसतीच ‘हायड्रॉलिक शिडी’ म्हणतात ती. डहाणू-तलासरीच्या माणसाला ही शिडी कशाला आठवली, असं आपल्याला वाटेल. आठवली, कारण आमच्या दोन तालुक्यांची उंची वाढते आहे. १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि पुढची काही दशकं इथे कारखाने आणि इमले आवरते राहिले. आता वाढवणला बंदर येतंय, ३० ऑगस्ट २०२४ ला त्याचं भूमिपूजन झालं. बुलेट ट्रेनचे खांब उभे राहताहेत, मालगाड्यांची स्वतंत्र रेल्वे, वडोदऱ्याहून मुंबईला जाणारा द्रुतगती मार्ग, सगळं याच पट्ट्यातून जातं. बंदर हवं की नको, हा वाद मी इथे काढत नाही, त्याला वेगळं पत्र लागेल. मात्र बंदरापाठोपाठ माणसं येणार, आणि माणसांपाठोपाठ मजले.

मग एक दिवस आपल्या टेबलावर फाईल येईल : डहाणूसाठी उंच शिडीचं वाहन. लाल गाडी, झेंडूचा हार, बोनेटवर नारळ, शिडी पूर्ण ताणून फोटो. फाईलमध्ये एक आकडा ठळक असेल, मीटरमधली उंची. माझी विनंती त्या आकड्यापाशी थांबण्याची आहे. शिडीचा इतिहास मी हौसेने वाचत आलोय. त्यात उंचीच्या मागे लागलेल्यांची फजितीही आहे आणि पायाखालची जमीन तपासणाऱ्यांचं यशही.

पहिली गोष्ट लंडनची. तिथे एब्रहम विवेल नावाचा माणूस होता. धंद्याने चित्रकार, लोकांच्या तसबिरी काढणारा. पण त्याला ध्यास होता आगीत अडकलेल्यांना खिडकीतून उतरवण्याचा. त्याने चाकांवर ढकलत नेता येईल अशी शिडी केली. १८३६ मध्ये लंडनला आगीपासून जीव वाचवण्यासाठी एक लोकसंस्था निघाली, तिने अशा शिड्या रस्त्यांवर ठेवायला घेतल्या. त्या शिड्या फार उंच नव्हत्या. खरी युक्ती त्यांच्या वाटपात होती. साधारण अर्ध्या मैलावर एक शिडी, आणि प्रत्येकीपाशी रात्रभर जागा राहणारा एक माणूस. हाक आली की तो निघे आणि वाटेत भेटतील त्या चार जणांना ढकलायला घेई. १८६७ मध्ये हा सगळा पसारा शहराच्या अग्निशमन दलाकडे गेला. ‘किती उंच’ याच्या आधी ‘किती जवळ’ हे त्या लोकांनी ठरवलं होतं.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कची आणि ती वाईट आहे. तिथल्या दलाने एका इटालियन संशोधकाच्या कल्पनेवरची लाकडी शिडी घेतली होती. एकावर एक तुकडे जोडत शंभरेक फुटांपर्यंत जाणारी. १८७५ च्या सप्टेंबरमध्ये भर गर्दीसमोर तिचं प्रात्यक्षिक होतं. कुठेही आग नव्हती. माणसं वर चढली, शिडी मोडली आणि तीन अग्निशमन जवान पडून गेले. त्यानंतर अमेरिकन दलं उंच शिडीकडे बरीच वर्षं संशयाने बघत राहिली. तोवर सॅन फ्रान्सिस्कोच्या डॅनियल हेझने १८६८ मध्येच गाडीवर बसवलेल्या उंच शिडीचं पेटंट घेतलेलं होतं, पण भीती जायला वेळ लागतोच.

तिसरी गोष्ट जर्मनीतल्या उल्म गावाची. कॉनराड डीट्रिख मागिरुस हा तिथला व्यापारी, आणि गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा प्रमुखही. स्वतः आगीला जाणारा माणूस शिडी बनवायला बसला, की काय होतं ते इथे दिसतं. १८७२ मध्ये त्याच्या कारखान्याने दोन चाकांची, भिंतीचा आधार न घेता उभी राहणारी सरकती शिडी काढली. भिंतीचा आधार नको, हे वाक्य वाचायला साधं आहे. जळत्या भिंतीला शिडी टेकवायची म्हणजे भिंत पडली की शिडीवरचा माणूसही पडला. भिंतीपासून सुटलेली शिडी स्वतःच्या पायांवर उभी असते, सगळा भार तिच्या बुडाखाली येतो. १८९२ मध्ये त्याच कारखान्यातून फिरत्या चौथऱ्यावरची शिडी निघाली, घोडे ओढत नेत ती. गाडी जागची न हलवता शिडी चौफेर फिरवता येऊ लागली. ‘टर्न टेबल’ हे नाव त्या चौथऱ्याचं. १९१६ च्या सुमारास गाडीच्याच इंजिनावर शिडी उठू-फिरू लागली. पुढे लाकूड जाऊन पोलाद आलं, मग दांड्या-चाकांच्या जागी तेलाच्या दाबावर चालणारे सिलिंडर. जेसीबीचा हात ज्या बळावर माती उचलतो, तेच बळ.

आता चौथी गोष्ट, आणि ही आम्हा वाडीवाल्यांची म्हणा. कॅलिफोर्नियात जे आयटेल नावाच्या माणसाने १९४४ मध्ये शिडीवर चढून चेरी तोडता तोडता वैतागून एक यंत्र काढलं. गाडीवर दुमडता येणारा हात आणि हाताच्या टोकाला माणूस उभा राहील अशी टोपली. त्या यंत्राला तिकडे आजही ‘चेरी पिकर’च म्हणतात. १९५८ मध्ये शिकागोचे अग्निशमन आयुक्त रॉबर्ट क्विन यांनी रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या छाटणारे पालिकेचे लोक असल्याच टोपलीत उभे पाहिले आणि त्यांच्या डोक्यात आलं, यांच्या हातातल्या करवतीच्या जागी पाण्याचा पाइप दिला तर? त्याच वर्षी त्यांच्या दलात तशी गाडी दाखल झाली. तिचं नाव पडलं ‘स्नॉर्कल’, आणि आपल्याकडच्या जुन्या जवानांच्या तोंडी ते अजून आहे. म्हणजे फळं काढायच्या कटकटीतून आगीची टोपली निघाली, आणि चिकूला भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या आमच्या डहाणू-घोलवडला ती यायची आहे. यात मला गंमत वाटते. आपल्याला वाटलीच पाहिजे असं नाही.

शिडी आणि टोपली यांत फरक आहे आणि तो फाईलमध्ये सहसा नीट लिहिलेला नसतो. सरळ शिडी झटपट उभी राहते, तिच्यावरून एकामागून एक माणसं उतरवता येतात, पण ती सरळ रेषेतच जाते. मध्ये झाड, तारा, कंपाउंड, पुढे आलेला सज्जा असला की अडली. सांध्यांची टोपली अडथळ्यावरून वर जाऊन पलीकडे खाली वाकते, मात्र सहसा तिला जास्त वेळ, जास्त जागा लागते आणि एका खेपेला मोजकीच माणसं. मधला मार्गही निघालेला आहे. शिडीचा शेवटचा तुकडा कोपरासारखा वाकतो, टोकाला छोटी टोपली. युरोपातल्या जुन्या शहरांच्या अरुंद गल्ल्यांसाठी तो जन्मला. आमच्या गल्ल्या जुन्या युरोपाइतक्या सुंदर नाहीत, अरुंद मात्र तितक्याच आहेत.

जर्मन लोक शिडीची ओळख कशी सांगतात, बघा. त्यांच्या नेहमीच्या शिडीचा मापाचा आकडा आहे २३-१२. म्हणजे इमारतीपासून १२ मीटर दूर उभं राहूनही २३ मीटर उंचीवरच्या माणसापर्यंत पोहोचणारी. नुसती उंची सांगायची नाही, अंतरासकट सांगायची. कारण गाडी कधीच खिडकीच्या बरोबर खाली उभी राहत नाही. जितकी शिडी आडवी जाईल तितका तोल बाहेर जातो, म्हणून आजच्या शिडीतला संगणक दर क्षणी हिशेब करतो : टोपलीत किती वजन, हात किती बाहेर, चारही जॅक किती पसरलेले. एका बाजूचा जॅक पूर्ण उघडला नसेल, तर त्या बाजूला तो शिडीला जाऊच देत नाही. वारा ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास गेला, की बहुतेक टोपल्या खाली घ्याव्या लागतात. आमच्या गड्याची टाच त्या संगणकात बसवली आहे, इतकंच.

उंचीच्या शर्यतीचं एक मोजमाप आमच्या घरीच आहे. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी २७५ मीटर उंच. फिनलंडच्या ब्राँटो कंपनीची सर्वांत उंच टोपली ११२ मीटर जाते, म्हणजे चिमणीच्या निम्म्यालाही पोहोचत नाही. मुंबईच्या दलाकडे याच कंपनीची ९० मीटरची गाडी आहे. मुंबईला ती हवीच. २२ जुलै २०१९ ला वांद्र्यात एमटीएनएलच्या नऊ मजली इमारतीला आग लागली तेव्हा गच्चीवर आणि वरच्या मजल्यांवर अडकलेली ८४ माणसं सुखरूप बाहेर आली, त्यात शिड्यांचा वाटा मोठा होता. तो दिवस मी टीव्हीसमोर उभ्याने पाहिला. टोपली खाली येई, माणसं उतरत, टोपली परत वर. आणि लक्षात घ्या, तिथे नऊ मजले होते, नव्वद नव्हे. इमारतीपुढे गाडीला पाय पसरायला जागा होती.

आता आमच्याकडे काय घडलंय ते पाहू. ८ जानेवारी २०१४, पहाटेचे तीन वाजत आलेले. वांद्र्याहून डेहराडूनला निघालेल्या एक्स्प्रेसचे तीन डबे डहाणू रोड आणि घोलवडच्या दरम्यान पेटले. नऊ प्रवासी गेले. ज्वाळा पहिल्यांदा दिसल्या त्या फाटकावरच्या गेटमनला. तो जागा होता म्हणून आकडा नऊवर थांबला, असं आमच्याकडे अजून मानतात. तिथे शिडी काय कामाची? काहीच नाही. डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार, तिच्याखाली धातूची शिडी उघडणं म्हणजे मरण. तिथे गरज होती जवळच्या पाण्याची आणि रुळापर्यंत जाणाऱ्या रस्त्याची. त्याच वर्षी मार्चमध्ये महामार्गावर चारोटीजवळ गॅसचा टँकर उलटून पेटला आणि माणसं होरपळून गेली. तिथेही शिडीचं काम नव्हतं. जून २०२१ मध्ये डेहण्याला फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला, तिथेही नाही. आणि दर उन्हाळ्यात पाड्यांवर कुडाची घरं जळतात, पेंढ्याचा ट्रक विजेच्या तारेला घासून पेटतो, त्याला टँकर लागतो, शिडी नव्हे. हे सगळं मी माझ्याच मागणीच्या विरोधात लिहितोय, याची कल्पना आहे.

पण आपल्याच जिल्ह्यात, विरारला, २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली. तेरा रुग्ण त्या पहाटे गेले. दुसरा मजला होता. जमिनीपासून दोन बांबू उंच म्हणा. तिथे माणसं मेली ती उंचीमुळे नव्हे, धुरामुळे आणि मिनिटांमुळे. अशा मजल्यासाठी ९० मीटरची गाडी आली असती, तर ती वळणावरच अडकली असती.

आणि एक गोष्ट आमच्या दोन तालुक्यांची खास आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी, हळदपाडा, तलासरी या पट्ट्यात जमीन हलायला लागली. फेब्रुवारी-मार्च २०१९ मध्ये चारच्या वरचे धक्के बसले. लोकांनी थंडीत तंबूंत रात्री काढल्या, शाळा उघड्यावर भरल्या. तेव्हापासून आमच्याकडे कुणी वरच्या मजल्यावर भाड्याने घर घेताना जिन्याच्या भिंतीवरची भेग आधी बघतो. चार मजली इमारतीत जिना एकच असतो. भूकंपात तोच गेला, तर चौथ्या मजल्यावरचा माणूस चाळिसाव्या मजल्यावरच्या माणसाइतकाच लांब. डहाणू-तलासरीला शिडी हवी ती यासाठी : तुटलेल्या जिन्याऐवजी. बुलेट ट्रेन सुरू होईल तेव्हा दहा-पंधरा मीटर उंच पुलावर थांबलेल्या गाडीतून माणसं उतरवायचा प्रसंगही येऊ शकतो. त्यालाही तीसेक मीटरची, कोपरात वाकणारी शिडी पुरते.

तर माझं म्हणणं सरळ आहे. उंच नको, आखूड घ्या. पंधरा-सोळा टनांच्या साध्या ट्रकवर बसणारी, आमच्या वळणांवर वळणारी. पण तीसुद्धा घेण्याआधी जमीन मोजा.

राष्ट्रीय इमारत संहिता १५ मीटर आणि त्याहून उंच इमारतीला उंच इमारत मानते. अशा इमारतीभोवती बंबाला जायला सहा मीटरची मोकळी वाट हवी, आणि ती ४५ टनांचा भार सोसणारी हवी. कागदावर ही वाट प्रत्येक नकाशात दिसते. प्रत्यक्षात तिथे पेव्हर ब्लॉकखाली सेप्टिक टँक असतो, वर दोन रांगांत मोटारसायकली, आणि कोपऱ्यात सोसायटीचं तुळशी वृंदावन. शिडीच्या गाडीचे जॅक पसरले की तिला साडेचार-पाच मीटर रुंदी लागते. एका जॅकखाली काही टन भार येतो. सेप्टिक टँकच्या झाकणाला हे कुणी विचारलेलं नसतं. आमची माती तर खाडीची. पावसाळ्यात मसोली, मल्याणच्या बाजूला ट्रॅक्टर रुततो, तिथे हे यंत्र.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार मालकाने दर जानेवारी आणि जुलैला यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्यात अग्निशामक नळकांडी, पंप, पाण्याची टाकी यांची नोंद येते. त्याच तपासणीत गाडी उभी राहण्याच्या जागेचीही एक ओळ आपण आपल्या जिल्ह्यापुरती का घालू नये? जागा रिकामी आहे का, तिच्याखाली काय आहे, वरून तार जाते का. वरून जाणाऱ्या तारांचं मी मुद्दाम सांगतो. स्टेशन भागात खांबांवरून महावितरणची, केबलवाल्यांची, इंटरनेटवाल्यांची जाळी इतकी दाट आहे, की जगातली उत्तम शिडी तिथे आडवीच राहील.

मग प्रश्न उरतो तिला ठेवायचं कुठे. रेल्वेने डहाणूचे दोन भाग केलेत, आणि फाटक किंवा पूल नडला की बंब या बाजूला, आग त्या बाजूला. डहाणूहून चारोटी पंचवीसएक किलोमीटर, तिथून तलासरी आणखी वीस-पंचवीस. तलासरीत उभी असलेली साधी हाताची सरकती ॲल्युमिनियमची शिडी आणि ती उघडता येणारे चार जण, हे डहाणूत उभ्या असलेल्या कोटींच्या यंत्रापेक्षा तलासरीला जास्त कामाचे. लंडनच्या त्या रात्रपाळीच्या माणसांची गोष्ट मी त्यासाठीच एवढी लांबवली. उधवा, धुंदलवाडी, कासा, सायवन, आंबोली इथल्या तरुणांना भूकंपानंतर आपत्तीचं शिक्षण द्यायची चर्चा झाली. ताडावर झपाझप चढणारी, दोरीला न घाबरणारी मुलं आमच्याकडे पाड्यापाड्यावर आहेत. महालक्ष्मीच्या चैत्री यात्रेत मध्यरात्री अंधारात डोंगरमाथ्यावर ध्वज लावायला पुजारी चढतो, हे आपण ऐकलं असेल. उंचीचं भय आमच्या रक्तात कमी आहे. तरी नोकरभरतीच्या अटींत ही मुलं कुठे बसत नाहीत, तो भाग वेगळा.

यंत्राला माणूस लागतो आणि माणसाला सराव. समुद्राच्या खाऱ्या हवेत उभ्या शिडीचे पोलादी दोर आणि सरकपट्ट्या ग्रीसवाचून लवकर खराब होतात. दर आठवड्याला शिडी पूर्ण उघडून, फिरवून, धुऊन, तेल देऊन ठेवावी लागते. चालकाला वर टोपलीतल्या माणसाचा आणि खाली जॅकचा विचार एकाच वेळी करता यावा लागतो, आणि हे तीन दिवसांच्या प्रशिक्षणात येत नाही. एका नगरपालिकेत (नाव नको, ती आपल्या जिल्ह्यातली नाही) मी अशी गाडी वर्षभर ताडपत्रीखाली पाहिली होती. चालकाची बदली झाली होती. ताडपत्रीवर कबुतरांनी घरटं केलं होतं. तेही उंचावरच, म्हणा.

दर १४ एप्रिलला आपण अग्निशमन दिन पाळतो. १९४४ मध्ये त्याच दिवशी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. वाढवणला जे उद्या उभं राहणार आहे, तीही गोदीच. त्या सप्ताहात शाळांच्या मुलांना बंब दाखवतात, पाण्याचा फवारा उडवतात, मुलं ओरडतात. येत्या सप्ताहात एक दिवस फवारा बाजूला ठेवावा, अशी विनंती आहे. नगरपरिषदेचे अभियंते, महावितरणचे लोक, अग्निशमनचे जवान आणि आपण, असे सकाळी साडेसहाला डहाणू रोड स्टेशनच्या पश्चिमेला भेटू. तिथून सागर नाक्यापर्यंत आणि मग आतल्या गल्ल्यांतून चालू. प्रत्येक चार मजली इमारतीपुढे थांबून रुंदी मोजू, वर तारा बघू, खाली झाकणं बघू. दोन तासांचं काम आहे, ऊन चढायच्या आत आटपेल. तलासरीला दुसऱ्या दिवशी जाऊ.

तीस मीटरचा टेप माझ्याकडे आहे, वाडी मोजायचा. गड्यालाही बरोबर आणतो. पेव्हर ब्लॉकवर तो टाच मारून काय सांगतो, ते मलाही ऐकायचंय.

आपला,
बोर्डीजवळचा एक चिकू बागायतदार
ता. डहाणू, जि. पालघर